शापूरजींचा मुलगा, मिटलेला पियानो आणि उरलेले कागद

२५ जून १९३० च्या तारखेचे एक पत्र आहे. लंडनमधून ग्लासगोला गेलेले. लिहिणारे कैखुशरू शापूरजी सोराबजी, आणि ज्यांना लिहिले ते स्कॉटिश संगीतकार एरिक चिझम. डोके ठणकते आहे, अंगाला कापरे भरले आहे, आणि आजच दुपारी आपण 'ओपस क्लाव्हिचेंबालिस्टिकम' हातावेगळे केले, असा पत्राचा आशय. ही रचना एकट्या पियानोसाठी आहे. बारा भाग, अडीचशेहून अधिक पाने, आणि सलग वाजवली तर चार तासांच्या वर वेळ. पियानोसाठी छापल्या गेलेल्या सर्वांत लांब रचनांत तिची गणना झाली, विक्रमांच्या पुस्तकातही ती गेली. सोराबजींचे नाव ज्यांनी ऐकले आहे, त्यांनी ते बहुधा या एकाच रचनेमुळे ऐकलेले असते. मागे उरलेल्या ढिगाकडे फारसे कोणी वळत नाही.

ढीग हा शब्द शब्दशः घ्यावा. शंभरावर रचना, सुमारे ११,००० पाने, त्यांतला मोठा वाटा पियानोचा. संगीताचे कोश सोराबजींना ब्रिटिश संगीतकार म्हणून नोंदवतात, आणि त्यांना स्वतःला ते बिरुद मुळीच मानवत नसे. वडील मुंबईचे पारशी होते, यावर त्यांचा भर असे. १९३६ नंतर चाळीस वर्षे ही पाने जाहीर मैफलीत जवळजवळ वाजली नाहीत. तेव्हा दोन प्रश्न. ही चाळीस वर्षांची शांतता नेमकी कुणी आणि कशी घडवली? आणि या संगीतात मुंबईचा भाग किती? दोन्ही प्रश्नांची तयार उत्तरे बाजारात आहेत. ती बाजूला ठेवून कागद एकेक करून पाहू.

पहिला कागद जन्माचा. १४ ऑगस्ट १८९२, चिंगफोर्ड, एसेक्स. नाव लिऑन डडली सोराबजी. वडील शापूरजी सोराबजी, जन्म मुंबई, १८ ऑगस्ट १८६३, पेशाने स्थापत्य अभियंता आणि पुढे उद्योजक. आई मॅडलीन मॅटिल्डा वर्दी, जन्म १८६६, दक्षिण लंडनमधल्या कॅम्बरवेलचा. विवाहाची तारीख १८ फेब्रुवारी १८९२. दोन तारखांमधले अंतर सहा महिन्यांहून चार दिवस कमी. यावर भाष्य करण्याची गरज नाही. मात्र या घरातल्या माणसांनी आपल्याविषयी जे सांगितले ते कागदाशी ताडून घ्यावे लागणार, एवढी सूचना पहिल्याच पानावर मिळते.

ती सूचना पुढे खरी ठरते. आई स्पॅनिश आणि सिसिलियन वंशाची, असे सोराबजी सांगत आणि अनेक कोशांनी ते तसेच उतरवले. शॉन वॉन ओवेन यांनी साउदॅम्प्टन विद्यापीठात २००६ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात ओळखीपाळखीच्या माणसांच्या मुलाखती आणि नोंदवह्या समोरासमोर ठेवल्या. त्यातून आई इंग्रज असल्याचे स्पष्ट झाले. ती गायिका होती, पियानो आणि ऑर्गन वाजवी, ही माहितीही मुख्यतः मुलाच्याच तोंडची, तिला बाहेरचा पुरावा तोकडा. जन्मतारीख विचारणाऱ्या कोशकारांना सोराबजींनी चुकीची माहिती पुरवल्याचेही आता ठाऊक आहे. हे खोडसाळपणाने, की खासगीपणाच्या हट्टाने, हा अर्थ लावण्याचा भाग झाला. साक्षीदार म्हणून ते स्वतःविषयी भरवशाचे नाहीत, हे मात्र नक्की. इथून पुढे त्यांचे विधान आणि तारखेचा कागद यांत विरोध आला तर कागदाला झुकते माप.

आता नाव. लिऑन डडलीचा कैखुशरू शापूरजी कसा झाला? उत्तर या पट्ट्यात सापडते. पालघर जिल्ह्यातल्या मनोरहून महामार्गाने उत्तरेला निघाले की तासाभरात तलासरी येते, आणि तिथून राज्याची हद्द ओलांडताच संजाण. किनाऱ्याकडे वळले तर पालघर, बोईसर, तारापूर, डहाणू. पारशी आणि इराणी घरे, अग्यारी, घोलवडच्या चिकूवाड्या हे सारे या पट्ट्याला परके नाही. इथल्या माणसाला पारशी नावाची घडण समजावून सांगावी लागत नाही: आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आजोबांचे किंवा रूढ झालेले आडनाव. मुलाने नवे नाव घेताना मधल्या जागी बापाचे नाव बसवले, म्हणजे ही नाटकी टोपणनावाची निवड नव्हती. पारशी नोंदवहीत शोभेल असे ते नाव आहे. सोराबजी हे आजोबांचे नाव असावे, हे याच रीतीवरून काढलेले अनुमान.

हा बदल १९१४ च्या सुमारासचा, जरथुस्त्री धर्माच्या स्वीकाराबरोबरचा. त्याच सुमारास त्यांचा संगीतकार आणि टीकाकार फिलिप हेसेल्टाइन यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झालेला होता. हेसेल्टाइन पुढे पीटर वॉरलॉक या नावाने प्रसिद्ध झाले. सोराबजींच्या तरुणपणाविषयी जे थोडे विश्वसनीय साहित्य आहे, त्यात या पत्रांना मोठे मोल आहे, कारण ती त्या त्या दिवशी लिहिलेली आहेत, आठवणीतून नव्हे.

इथे आणखी एक कागद शेजारी ठेवण्यासारखा आहे, आणि तो संगीताचा नाही. १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सर दिनशा पेटिट विरुद्ध सर जमशेटजी जीजीभाई या दाव्याचा निकाल लागला. वादाला निमित्त रतनजी दादाभाई टाटा यांच्या फ्रेंच पत्नीच्या नवजोतीचे (पारशी धर्मदीक्षेचे), म्हणजे जे. आर. डी. टाटांच्या आईचे. परधर्मीयाने दीक्षा घेतली तरी पारशी पंचायतीच्या धर्मादायांवर त्याचा हक्क पोचत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण पारशी कोण, हे सांगताना पारशी बाप आणि परकी आई यांच्या पोटी आलेल्या, रीतसर धर्मात घेतलेल्या मुलांना त्या व्याख्येत जागा मिळाली. चिंगफोर्डचा मुलगा या कलमात चपखल बसतो. त्याने किंवा शापूरजींनी निकाल वाचून पाऊल उचलले, असे म्हणायला आधार नाही. दार मात्र सहा वर्षांपूर्वी मुंबईतच उघडे झाले होते, हे निश्चित.

आपली कुळी फार प्राचीन, हा सोराबजींचा अभिमान सर्वज्ञात होता. पण अशा अभिमानाचे वजन कसे करायचे, हे संजाणच्या शेजारी राहणाऱ्यांना ठाऊक असते. पारशांच्या आगमनाची हकीकत सांगणारा 'किस्सा-ए-संजाण' १६०० च्या आसपासचा, आणि तो सांगतो त्या घटना त्याच्याही कित्येक शतके आधीच्या. बाहरोटच्या डोंगरात अग्नी लपवून ठेवल्याची परंपरा लोक श्रद्धेने जपतात. परंपरा खोटी ठरवायची नसते, पण तिला तारखेचा पुरावा म्हणूनही वापरायचे नसते. सोराबजींच्या वंशकथेला हाच नियम लागू करावा.

वंशापेक्षा पैशाचा माग काढणे सोपे जाते. शापूरजींनी मुलासाठी विश्वस्त निधी करून ठेवला होता, आणि त्याच्या उत्पन्नामुळे सोराबजींना पोटासाठी नोकरी करावी लागली नाही, शिकवण्या घ्याव्या लागल्या नाहीत, श्रोत्यांची मर्जी राखावी लागली नाही. त्यांचे औपचारिक सांगीतिक शिक्षण थोडे: १९१६ पर्यंत चार्ल्स ट्रू या शिक्षकाकडे झालेले, एवढेच नीट ठाऊक आहे. संगीत विद्यालयात ते गेलेच नाहीत. नोव्हेंबर १९१९ मध्ये त्यांनी फेरुच्चो बुसोनी यांना आपला पहिला सोनाटा वाजवून दाखवला. बुसोनी त्या काळातले पियानोचे मोठे नाव. त्यांनी शिफारसपत्र दिले, आणि लवकरच सोनाटा छापून झाला. दशकभर अशा छापील प्रती निघत राहिल्या.

त्यांपैकी एखादे पान उघडून पाहावे. पियानोला साधारणपणे दोन पंचरेषा पुरतात, उजव्या हाताला एक आणि डाव्याला एक. सोराबजींच्या पानावर त्या तीन होतात, मग चार, दाटीच्या जागी पाचही. वाजवणारा एकच, हात दोनच. सुरुवातीला स्वरपट्टी सांगणारी चिन्हे बहुधा नसतात. तीव्र-कोमलाचे चिन्ह ज्या स्वरापुढे असेल त्यापुरतेच लागू, पुढच्या स्वराला पुन्हा लिहावे लागते, अशी टीपच ते देत. त्यामुळे पान चिन्हांनी भरून जाते, आणि हस्तलिखितात एखादे चिन्ह निसटले तर ती चूक की हेतू, हे संपादकाला शेजारच्या स्वरांवरून ठरवावे लागते. शाईने, वेगाने, सहसा कच्चा खर्डा न करता लिहिण्याची त्यांची पद्धत. अभ्यासकाला यात फायदा आणि तोटा दोन्ही. रचना डोक्यात कशी उमटली ते दिसते, पण पडताळून पाहायला दुसरी प्रत नसते.

याच वर्षांत ती रचना येते, जिच्यावरून सोराबजींना 'पूर्वेचे' म्हणण्याची प्रथा पडली: १९२३ ची 'ल जार्दँ पार्फ्युमे', सुगंधी उद्यान. सोळा पानांची, हळू, पाण्यावर तरंगावे तशी चालणारी. नाव शेख नफझावी यांच्या अरबी ग्रंथावरून. २२ एप्रिल १९३० ला सोराबजींनी ती बीबीसीवरून वाजवली, आणि दुसऱ्याच दिवशीच्या तारखेचे एक पत्र उपलब्ध आहे. ते फ्रेडरिक डीलियस यांचे. तोवर दृष्टी गेलेले डीलियस फ्रान्समधल्या आपल्या गावी रेडिओ ऐकत होते. या संगीतातले इंद्रियांना भुलवणारे सौंदर्य त्यांनी मोकळेपणाने वाखाणले. सोराबजींच्या पियानोवादनाला ऐकणाऱ्याने तत्काळ दिलेली अशी पोच फार थोडी. म्हणून हे पत्र छोटे असले तरी वजनदार आहे.

पण त्यावरून 'पूर्व' सिद्ध होते का? नावांची यादी करून पाहू. सुगंधी उद्यान अरबी. १९२८ ची 'जामी' फारसी कवीच्या नावाची. १९४० ची 'गुलिस्तान' सादींच्या ग्रंथाची. १९२२ ची एक गमतीची रचना रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्या 'साद्को' ऑपेरातल्या हिंदू व्यापाऱ्याच्या गाण्यावर, म्हणजे रशियन माणसाने कल्पिलेला हिंदुस्थान पारशी बापाच्या मुलाने विडंबनासाठी घेतलेला. यांतले बहुतेक लंडनमधल्या ग्रंथालयात बसून भाषांतरातून मिळण्यासारखे आहे. मुंबईचा थेट माग यात नाही. सुरुवातीच्या पत्राच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या चिझम यांचे उदाहरण इथे उपयोगी पडते. दुसऱ्या महायुद्धात ते सैनिकांच्या मनोरंजनाच्या कामावर भारतात येऊन गेले, आणि १९४९ मध्ये त्यांनी पियानो आणि वाद्यवृंदासाठी 'हिंदुस्तानी' नावाचा कॉन्चेर्टो लिहिला, हिंदुस्तानी रागांच्या आधाराने. राग उचलला तो स्कॉटिश माणसाने. कैखुशरू शापूरजींच्या पानांत असा राग उघडपणे मांडलेला दिसत नाही.

आता पुन्हा १९३०. 'ओपस क्लाव्हिचेंबालिस्टिकम'चे पहिले वादन १ डिसेंबर १९३० रोजी ग्लासगोत, चिझम यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या समकालीन संगीताच्या मंडळात, स्वतः सोराबजींच्या हातून झाले. अर्पण स्कॉटिश कवी ह्यू मॅकडिअर्मिड यांना. रचनेत चार फ्यूग (सुरावटीचा विषय अनेक आवाजांत फिरवणारी पाश्चात्त्य बांधणी), एका विषयावरचा, दोन विषयांचा, तीन विषयांचा आणि चार विषयांचा, असे चढत जाणारे. मध्ये एका धुनेची ४९ रूपांतरे आणि पुढे पासाकालियाची, म्हणजे आवर्तनी खर्जावर बांधलेल्या रचनेची, ८१. साताचा वर्ग आणि नवाचा वर्ग. हा योगायोग नसावा, कारण अशा संख्यांचे वेड पुढच्या रचनांतही दिसत राहते. १९३१ मध्ये ती छापून आली. यानंतर त्यांच्या हयातीत त्यांच्या मोठ्या रचना छापल्या जाण्याचे जवळजवळ थांबले.

पुढचा कागद मृत्यूचा. शापूरजी ७ जुलै १९३२ रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे वारले. इस्टेटीच्या कामासाठी सोराबजींना मुंबई गाठावी लागली. मे १९३३ ते जानेवारी १९३४ असा भारतातला मोठा मुक्काम नोंदलेला आहे. तो दुसरा, आणि बहुधा शेवटचा. या काळात जे उघड झाले ते असे: १९०५ पासून शापूरजींचे मुंबईत दुसरे घर होते, आणि १९२९ मध्ये त्यांनी त्या बाईशी विवाहही केला होता, लंडनची पत्नी हयात असताना. मृत्युपत्रात मॅडलीन आणि कैखुशरू यांना जागा नव्हती. मुंबईच्या वारसांच्या मानाने त्यांच्या वाट्याला फारच थोडे आले. १९३६ च्या सुमारास दावा दाखल झाला. पारशी विवाह कायद्याला द्विभार्या विवाह १८६५ पासूनच मान्य नव्हता. १९४९ मध्ये न्यायालयाने तो दुसरा विवाह रद्दबातल ठरवला. पैसा मात्र परत आला नाही.

या मुक्कामाचा संगीतावर काय परिणाम झाला? दुसरी टोकाटा, 'तोकाता सेकोंदा', हिचे वर्ष १९३३–३४ असे आहे, १११ पानांची. वर्षे मुंबईच्या मुक्कामाशी जुळतात. मोह होतो की तिला 'मुंबईत लिहिलेली पियानोरचना' म्हणावे. पण दोन तारखांची वर्षे एकमेकांवर पडली म्हणून जागा सिद्ध होत नाही. संभव, एवढाच शेरा इथे मारता येतो.

आता १९३६ आणि शांततेचा उगम. रूढ गोष्ट अशी: १० मार्च १९३६ रोजी लंडनमध्ये जॉन टोबिन या पियानोवादकाने 'ओपस'चा पहिला खंड वाजवला, लागायला हवा होता त्याच्या दुप्पट वेळ घेऊन. टीकाकारांनी झोडपले. सोराबजी संतापले, आणि त्यांनी आपले संगीत जाहीरपणे वाजवण्यावर बंदी घातली. गोष्ट सुटसुटीत आहे, आणि म्हणूनच तपासायला हवी.

पहिली अडचण साक्षीची. सोराबजी त्या मैफलीतून शेवट होण्याआधीच उठून गेले, अशी माहिती आहे. आपण गेलोच नव्हतो, पैसा किंवा पाठिंबा दिला नव्हता, असे ते पुढे म्हणत. पुन्हा तेच: माणूस आणि कागद यांची गाठ पडत नाही. दुसरी अडचण तारखांची. बंदी मार्चमध्ये आली असेल, तर १६ डिसेंबर १९३६ ला ग्लासगोत स्वतः सोराबजी 'तोकाता सेकोंदा' कसे वाजवतात? ही त्यांची शेवटची जाहीर मैफल. मार्चनंतर नऊ महिन्यांनी झालेली. आपल्या रचनांच्या वादनात आता रस उरला नाही, असे त्यांनी म्हटल्याची नोंद आहे ती या मैफलीच्या तीनेक महिने आधीची. तिसरी अडचण खुद्द बंदीची. असा कोणताही औपचारिक जाहीरनामा नाही, न्यायालयात टिकेल असा मनाई हुकूम नाही. आहे ते एवढेच, की पुढची दहा वर्षे ते बोलत-लिहीत राहिले, वादकांना परावृत्त करत राहिले, आमंत्रणे परत पाठवत राहिले. गचाळ वादनापेक्षा वादन न झालेलेच बरे, हा त्यांचा सूर. चौथी गोष्ट जास्त बोलकी. वादनाचे हक्क राखून ठेवल्याची टीप त्यांच्या अगदी पहिल्या छापील प्रतींवरही आहे. म्हणजे पहारा आधीपासून होता. टोबिन यांच्या मैफलीने दाराला फक्त कडी घातली.

काळाचा क्रम लावला तर आणखी काही दिसते. डिसेंबर १९३० मध्ये वॉरलॉक गेले. १९३२ मध्ये वडील. १९३३–३४ मध्ये मुंबईतला धक्का. मार्च १९३६ मध्ये टोबिन. एप्रिल १९३६ मध्ये बर्नार्ड व्हान डीरन गेले, ज्यांना सोराबजी फार मानत. त्याच सुमारास दावा. यांतले एकच कारण उचलून बाकीची टाकून देणे सोयीचे, पण पुराव्याला धरून नाही. माझा कल असा, की माघार अनेक वर्षे चालू होती आणि १९३६ मध्ये ती लोकांच्या नजरेस आली. हा कल आहे, निष्कर्ष नव्हे.

आणि माघार म्हणजे थांबणे नव्हते. हस्तलिखितांवरची वर्षे पाहावीत. १९३५ ते ३७: 'सिंफोनिक व्हेरिएशन्स', ४८४ पाने. १९४० ते ४४: शंभर एट्यूड (अभ्यासरचना), ४५६ पाने. १९४८–४९: 'दिएस इरे' या जुन्या ख्रिस्ती मृत्युगीतावरची 'सेक्वेन्शिया सिक्लिका', ३३५ पाने, २७ रूपांतरे. श्रोता नाही, प्रकाशक नाही, आणि पाने वाढताहेत. हे परवडले कशामुळे, ते आपण वर पाहिले आहे.

याच काळातली एक रचना पुण्या-मुंबईच्या वाचकाला ओळखीची वाटेल. १९३८–३९, २८४ पाने, एकट्या पियानोसाठी 'तांत्रिक सिंफनी'. सात भाग, सातांची नावे: मूलाधार, स्वाधिष्ठान, मणिपूर, अनाहत, विशुद्ध, आज्ञा, सहस्रार. नाव अरबी नाही, फारसी नाही, इथलेच आहे. वडिलांच्या मृत्यूनंतरच्या अस्वस्थतेत सोराबजी योगाभ्यासाकडे वळले होते, आणि संगीतकार आणि योग यांविषयी त्यांनी लिहिलेही आहे. तेव्हा मुंबईचा धक्का, योग आणि ही सिंफनी अशी साखळी बांधता येते. तिच्यातला पहिला जोड पक्का, दुसरा संभाव्य. चक्रांची नावे त्यांना कुठून मिळाली? कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश जॉन वुड्रॉफ यांनी आर्थर अॅव्हलॉन या नावाने १९१९ मध्ये 'द सर्पेंट पॉवर' हे षट्चक्रांवरचे पुस्तक काढले होते, आणि त्या पिढीतल्या युरोपीय वाचकांचा तो मुख्य आधार. सोराबजींचाही तोच असावा, हा माझा तर्क. आणि नावापलीकडे? सात चक्रे चढत जाणारी मांडणी म्हणून वापरली आहेत. त्यातले तंत्र पाश्चात्त्य, फ्यूगांचे आणि रूपांतरांचेच.

शांततेच्या चाळीस वर्षांचे पुरावे जपले ते चाहत्यांनी. १९५३ मध्ये फ्रँक हॉलिडे आणि काही चाहत्यांनी सोराबजींना सह्यांचे पत्र आणि धनादेश दिला. हेतू ध्वनिमुद्रणाचा होता, पण तो मागे पडून हस्तलिखितांच्या मायक्रोफिल्म निघाल्या. एकच प्रत, एकच घर, आणि आग किंवा ओल लागली असती तर सगळेच गेले असते. या दृष्टीने पाहिले तर हा खर्च कुठल्याही मैफलीपेक्षा मोलाचा. सोराबजी एव्हाना डॉर्सेटमधल्या कॉर्फ कॅसल गावी राहायला गेले होते. घराचे नाव 'द आय', आणि फाटकावर येणाऱ्याला परतवणारी पाटी. तरी १९६२ ते १९६८ या वर्षांत याच घरात हॉलिडे यांनी त्यांचे सुमारे अकरा तासांचे वादन टेपवर घेतले. त्या टेपा बाहेर जायच्या नव्हत्या. त्या गेल्या. १९६९ आणि १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ केंद्रांवरून त्यांतला भाग प्रसारित झाला, आणि एकट्याने वाजवलेले संगीत समुद्रापलीकडे ऐकले गेले.

कडी उघडली ती १९७६ मध्ये. अॅलिस्टर हिंटन या तरुण संगीतकाराची १९७२ पासूनची मैत्री कारणी लागली आणि योंटी सॉलोमन यांना जाहीर वादनाची परवानगी मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडनला त्यांची मैफल झाली. ११ जून १९८२ रोजी उट्रेख्टमध्ये जेफ्री डग्लस मॅज यांनी 'ओपस' पूर्ण वाजवला, १९८८ मध्ये जॉन ऑग्डन यांनी लंडनला. १५ ऑक्टोबर १९८८ रोजी सोराबजी वारले. हिंटन यांनी उभारलेल्या संग्रहाने प्रती पुरवल्या, वादक आणि अभ्यासकांनी हस्तलिखिते संगणकावर नीट उतरवली. २०२० मध्ये जोनाथन पॉवेल यांचे 'सेक्वेन्शिया सिक्लिका'चे सात चकत्यांचे ध्वनिमुद्रण आले, आठ तासांहून अधिक लांबीचे. कॅनडातले अभ्यासक मार्क-आंद्रे रोबर्ज यांचा सोराबजींवरचा बृहद्ग्रंथ आज कुणालाही फुकट वाचता येतो. मनोरला बसून या तारखा ताडता येतात, त्या यामुळे.

आता ताळेबंद. पक्के: वडील मुंबईचे पारशी, आई इंग्रज, नाव १९१४ च्या सुमारास बदललेले, विश्वस्त निधी शापूरजींनी केलेला, १९३३–३४ चा मुक्काम, १९४९ चा निकाल. पक्के हेही, की 'बंदी' हा हुकूम नव्हता, ती एका माणसाने चार दशके चालवलेली नाराजी होती. संभाव्य: योगाकडून 'तांत्रिक सिंफनी'कडे गेलेली वाट. निराधार: सोराबजींच्या पियानोत भारतीय राग वाजतो, हे अधूनमधून होणारे विधान. मुंबई या संगीतात शोधायची तर सुरावटीत शोधू नये, हिशेबाच्या वहीत शोधावी. शापूरजींनी दिलेल्या पैशामुळे मुलाला श्रोत्यांवाचून लिहिता आले, आणि शापूरजींनीच नाकारलेल्या पैशामुळे तो कोर्टाच्या पायऱ्या चढला. अकरा हजार पाने या दोन्ही गोष्टींच्या छायेत लिहिली गेली. पारशी घरांत जुनी पत्रे सहसा टाकून देत नाहीत. मुंबईतल्या, तारापूरच्या किंवा डहाणूच्या एखाद्या घरात शापूरजी सोराबजी या अभियंत्याच्या सहीचा कागद निघाला, तर त्याची आधी तारीख वाचावी, आणि मगच त्यावर गोष्ट रचावी.